साखरेचं पाणी

११ नोव्हेंबर

आज मामावर ओरडले. भांडण म्हणता येणार नाही, कारण तो उलट बोललाच नाही. मी बोलत गेले आणि तो खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखानं सोलत बसला.

आईच्या किडनीत गाठ निघाली आहे. कॅन्सरची आहे, हे बायॉप्सीत पक्कं झालं. आईला किडनी एकच. दुसरी नऊ वर्षांपासून मधुसूदनमामाच्या पोटात आहे. त्याच्या दोन्ही निकामी झाल्या होत्या, आणि आईनं कोणाला न विचारता स्वतःची देऊन टाकली. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. मला फोनवर कळलं, तेही ऑपरेशनची तारीख ठरल्यावर.

गाठ सुपारीहून जरा मोठी आहे. दोन किडन्या असत्या तर सर्जननं एक काढून टाकली असती आणि विषय संपला असता. आता काढली तर आई जन्मभर डायलिसिसवर.

मामा एवढंच म्हणाला, "भैरवी, मला परत देता आली असती तर दिली असती गं."

मी म्हटलं, "देता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून बोलून राहिला तू."

आई आतून आली. म्हणाली, "भैरवी, गॅसवर दूध आहे, बघ बरं उतू गेलं का."

गॅसवर दूध नव्हतं.

१४ नोव्हेंबर

डॉ. रजत यांना भेटलो. चाळिशीचे असतील. ते कापाकापी करत नाहीत. सीटीच्या मशीनमध्ये पेशंटला ठेवून, चित्रात बघत बघत पाठीतून सुई गाठीत घालतात आणि तिच्या टोकाला करंटनं उष्णता देऊन गाठ जाळतात. बाकीची किडनी वाचते. आईसाठी हाच रस्ता आहे.

अडचण अशी की आईचं मोठं आतडं किडनीला अगदी टेकून आहे. जाळताना त्याला चटका बसला तर भोक पडेल. म्हणून दुसऱ्या बारीक सुईनं दोघांच्या मधे पाणी सोडायचं आणि आतडं दूर ढकलायचं.

"पाणी कसलं?" मी विचारलं.

"साखरेचं. पाच टक्के डेक्स्ट्रोज. मिठाच्या पाण्यातून करंट वाहतो, ह्यातून वाहत नाही."

हे मला लगेच पटलं. नागपूर विमानतळाजवळ मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या हँगरात मी रोज वायरिंग तपासते, करंट कुठून कुठे पळतो ते मला कोणी समजावून सांगायला नको.

"मग नंतर त्या पाण्याचं काय होतं?"

"शरीर शोषून घेतं."

आईला काहीतरी विचारायचं होतं. "मी काय म्हणते, डॉक्टर..." असं तिनं सुरू केलं. मी म्हटलं, आई, मी सगळं विचारलंय. मग ती पदराचं टोक नीट करत बसली.

१९ नोव्हेंबर

झालं. डॉ. रजत बाहेर येऊन म्हणाले, गाठ पूर्ण जळालेली दिसते, आतड्याला धक्का नाही. आतडं हट्टी होतं, सारखं परत येत होतं, म्हणून वेळ लागला आणि पाणी जरा जास्त लागलं. मी त्यांचे हात हातात घेतले. असं मी कधी करत नाही.

संध्याकाळी आईचं डोकं दुखू लागलं, दोन उलट्या झाल्या. वॉर्डातल्या डॉ. सुरुची आल्या, नव्या आहेत. बोटातून रक्त घेतलं तर शुगर दोनशे ऐंशी. मी म्हटलं, आईला शुगर कधीच नव्हती. त्या म्हणाल्या, शरीरावर ताण आला की वाढते. इन्सुलिन दिलं. आणि म्हणाल्या, पाणी भरपूर पाजा, किडनी धुऊन निघेल.

आईला पाणी नको होतं. मी तिला समजावून, थोडं रागावून, दर थोड्या वेळानं ग्लासभर पाजलं. शहाण्या मुलीसारखं प्यायली.

शेजारच्या पलंगावर गणपतराव म्हणून नरखेडकडचे एक आजोबा आहेत, यकृतातला पू काढायला त्यांना नळी घातली आहे. त्यांची बायको तुळसाबाई दिवसभर आईशी गप्पा मारत होती. संत्र्यांपासून सुनांपर्यंत सगळे विषय झाले.

मामा वर आला नाही. खाली गेटजवळच्या बाकावर तोंडाला मास्क लावून बसला होता. बहिणीला बघायला जिना चढवत नाही त्याला. सोडून दिलं, आजचा दिवस चांगला होता.

२० नोव्हेंबर

अक्षर वाचता येईल की नाही माहीत नाही. पण लिहून ठेवणार, क्रमानं.

सकाळी आईनं माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

मला वाटलं गंमत करते आहे. मग तिनं चहातला चमचा उचलला आणि केसांतून फिरवायला लागली. मी चमचा काढून घेतला तर तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, की मी चमचा परत दिला.

डॉ. सुरुचींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "भुलीनंतर या वयात होतं असं. उतरेल एक-दोन दिवसांत."

मी म्हटलं, "आई सदुसष्टची आहे. काल ती शब्दकोडं सोडवत होती."

तुळसाबाईही बोलल्या, "डाक्टरीनबाई, काल सांजपावतर माह्याशी चांगल्या बोलत होत्या ह्या. आज त्याइले आपली पोरगी ओळखू येऊन नाही राहिली."

"मावशी, तुम्ही तुमच्या पेशंटकडे बघा," सुरुची म्हणाल्या. आणि आईकडे वळून, लहान मुलाशी बोलावं तसं, "आजी, आराम करा हं."

आईनं तोंड उघडलं, काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, मग मिटलं.

दुपारी आईला फिट आली. पलंग हलत होता. तुळसाबाईंनी आईचं डोकं धरलं, मी ओरडत बाहेर पळाले. मग माणसं आली, पडदा ओढला गेला, आणि मला बाहेर काढलं.

रक्त तेव्हा तपासलं. फिट आल्यावर. सोडियम एकशे तेरा. एकशे पस्तीसच्या वर असायला हवं.

२१ नोव्हेंबर

आई आयसीयूत आहे. डोळे उघडते, पण बघत नाही.

डॉ. रजत काल रात्रभर इथेच होते म्हणे. आज दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. घाबरले असतील, कोर्टकचेरी डोळ्यांसमोर आली असेल. मला बाजूच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं. पोटात सोडलेलं साखरेचं पाणी रक्तात गेलं. साखर शरीरानं वापरली, काही इन्सुलिननं उतरली, आणि मागे उरलं नुसतं पाणी. एकच किडनी, तीही नुकती भाजलेली, ते पाणी बाहेर टाकू शकली नाही. वरून पिण्याचं पाणी. रक्त पातळ झालं, त्यातलं मीठ, म्हणजे सोडियम, उतरलं, मेंदूवर सूज आली.

"किती पाणी सोडलं होतं तुम्ही?"

"तीन लिटरच्या आसपास."

"आसपास?"

त्यांनी मान हलवली.

"मी विमानात तेल घालते," मी म्हटलं. "आसपास घातलं म्हणून सांगितलं, तर मला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतील. तुम्ही माझ्या आईच्या पोटात काय आसपास घातलं? आणि मला तिला पाणी पाजायला लावलं. माझ्या हातानं."

बाहेरची माणसं दारातून डोकावली, इतका माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." बस, एवढंच. मला ते बरोबर ऐकायचं नव्हतं. मला भांडायला कोणीतरी हवं होतं, आणि हा माणूस भिंतीला टेकून उभा होता.

आता मिठाचं घट्ट सलाइन देत आहेत, पण थेंब थेंब. मी नर्सला म्हटलं, मीठ कमी झालंय तर भरभर द्या की, वाट कशाची बघून राहिले. ती म्हणाली, भरभर चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, माणूस लुळा पडतो. म्हणजे बुडवायला एक दुपार पुरली, आणि वर काढताना घाई करायची नाही. हे सगळं फार सोयीचं वाटतं मला. यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

मामा अजून त्याच बाकावर आहे. चहा घेऊन गेले नाही त्याच्यासाठी.

२४ नोव्हेंबर

सोडियम एकशे एकतीस. आईनं सकाळी मला नावानं हाक मारली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

बोलणं हळू आहे, एखादा शब्द शोधावा लागतो. पण आहे, ती आहे. दुपारी म्हणाली, "भैरवी, मला त्या सकाळी..."

मी म्हटलं, "ते आता आठवायचं नाही. तू फक्त झोप. बाकी सगळं मी बघते."

"अगं, पण..."

"आई."

मग तिनं केस विंचरायला सांगितले. मी विंचरत होते तेवढ्यात अधीक्षकांच्या ऑफिसातून फोन आला, म्हणून वेणी अर्धीच राहिली. ऑफिसवाल्यांना फाइलची प्रत मागितली आहे. परत आले तेव्हा तिनं उरलेली स्वतःच घातली होती, वाकडी.

५ डिसेंबर

आई घरी येऊन आठवडा झाला. आज अधीक्षकांना भेटले. तक्रार लेखी दिली आहे, पाच पानं. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, ही ज्ञात गुंतागुंत आहे. संमतिपत्रावर तुमच्या आईंची सही आहे."

"ज्ञात होती, तर संध्याकाळी रक्त का नाही तपासलं?"

"प्रत्येक पेशंटचं सगळंच तपासत बसलो, तर..."

"सगळं नाही. सोडियम."

"आता पेशंट बरी आहे ना? घरी आहे. चालते, बोलते. देवाची कृपा म्हणायची."

मी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. खाली ठेवला. समितीपुढे ठेवू म्हणाले. तारीख कळवू म्हणाले.

ज्ञात गुंतागुंत. गाडी चालवताना पुटपुटत होते मी. हँगरात माझ्या हातून वॉशर खाली पडला, तर मी स्वतः जाऊन सांगते. कोणी ओरडत नाही. विमान थांबतं, वॉशर सापडतो, तो का पडला ते सगळ्यांना कळतं, मग विमान जातं. "वॉशर पडणं ही ज्ञात गोष्ट आहे" असं म्हणून दार लावून घेणारा माणूस आमच्याकडे एक दिवस टिकणार नाही. इथे तो खुर्चीवर बसतो आणि देवाचं नाव घेतो.

घरी आले तर मामा आईजवळ बसला होता. दोघं हसत होते. मला बघून तो उठला.

१९ डिसेंबर

रोज सकाळी मी आईला विचारते: आज वार कोणता, काल काय जेवलो, शंभरातून सात वजा कर. आज ती संत्रं सोलत होती. म्हणाली, "भैरवी, मी तुझी परीक्षा देऊन देऊन थकले."

"मला खात्री करायची असते."

"कशाची?"

तिनं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्या त्या तक्रारीत काय लिहिलंस, वाचून दाखवशील?" मी म्हटलं, उगाच तुला त्रास होईल. खरंच झाला असता. फिटचं वर्णन आहे त्यात.

६ जानेवारी

सीटी झालं. गाठीची एक कडा जिवंत आहे. आतड्याकडची.

डॉ. रजत यांनी चित्र दाखवलं. पांढुरका चंद्रकोरीसारखा तुकडा. म्हणाले, त्या बाजूला मी जरा भीत भीत उष्णता दिली होती, आतडं जवळ होतं. पुन्हा करावं लागेल. तीच पद्धत, तेच पाणी. नागपुरात किंवा मुंबईत, कोणाकडूनही करा, मी सगळी चित्रं देतो.

मी त्यांच्यासमोरच आईला म्हटलं, मुंबईला जाऊ.

आई म्हणाली, "नाही. हेच करतील."

८ जानेवारी

दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. आज फुटलं.

मी म्हटलं, "ज्या माणसानं तुला मारायचं बाकी ठेवलं, त्याच्याकडे परत जायचं?"

आई म्हणाली, "त्याला माझं आतडं कुठे आडवं येतं ते माहीत आहे. आणि आता त्याला भीतीही माहीत आहे. नव्या माणसाला दोन्ही नव्यानं शिकवायचं का?"

"मामाच्या वेळीही असंच. ठरवून मोकळी. मला कोणी विचारत नाही."

"तुला विचारायला ती तुझी होती का?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "भाऊ मरून राहिला होता, माझ्याकडे दोन होत्या. मला त्याचं एक दिवसही वाईट वाटलं नाही. तू मात्र नऊ वर्षं त्याच्याकडे असं बघतेस, जणू त्यानं चोरली. तो वॉर्डात काहून येत नाही, माहीत आहे?"

"जिना चढवत नाही त्याला."

"माझी किडनी त्याच्या अंगानं नाकारू नये म्हणून तो ज्या गोळ्या घेतो, त्यांनी त्याची प्रतिकारशक्ती मेली आहे. वॉर्डातला साधा खोकलाही त्याला आडवा करेल. डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या आवारातसुद्धा यायला मना केलं आहे. तरी तो दिवस दिवस त्या बाकावर बसला."

गोळ्या मला माहीत होत्या. नऊ वर्षं मी त्या टेबलावर बघते आहे.

मी गच्चीवर जाऊन उभी राहिले. अजून राग आहे. कोणावर ते नीट सांगता येत नाही आज.

१० जानेवारी

आईला न सांगता डॉ. रजत यांच्याकडे गेले. सरळ विचारलं, या वेळी वेगळं काय करणार.

त्यांनी सांगितलं. पाणी आधी कमी धरणार, आणि किती गेलं ते टेक्निशियन दर पिशवीला मोठ्यानं बोलणार. जाळून झालं की बारीक नळीनं उरलेलं पाणी परत ओढून काढणार. टेबलावरच सोडियम बघणार, मग संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा. वॉर्डात कोणी भरपूर पाणी पाजायचं नाही. आणि आईंच्या बोलण्यात तसूभर फरक पडला, तर थेट त्यांना फोन, दुसऱ्या कोणाला नाही.

"हे मागच्या वेळीही करता आलं असतं," मी म्हटलं.

"हो."

"मग का नाही केलं?"

"इतक्या वेळा काही झालं नव्हतं, की होऊ शकतं हे मी वाचलेलं असूनही विसरलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर फक्त आतडं होतं."

मी म्हटलं, तक्रार मागे घ्यावी असं तुम्हाला वाटत असेल.

"घेऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही मागे घेतली तर फाइल बंद होईल आणि हे सगळं फक्त तुमच्या आईंपुरतं राहील. मी माझा जबाब दिला आहे. त्यात 'आसपास' हा शब्दही लिहिला आहे."

मला या माणसाचा तिरस्कार करायचा होता. तेवढंही नीट करू देत नाहीत.

२१ जानेवारी

मामाला सकाळीच सांगितलं, हॉस्पिटलच्या बाकावर बसायचं नाही, घरी बस, मी दर तासाला फोन करते. तो म्हणाला, "करशील नं वं?" मी म्हटलं, करते. केलेही.

डॉ. रजत बाहेर आले. जाळलं. पाणी या वेळी निम्म्याहून कमी लागलं, त्यातलं बरंचसं परत काढलं. सोडियम एकशे छत्तीस. दुपारी एकशे पस्तीस. संध्याकाळी पुन्हा तेच.

डॉ. सुरुची रक्त घ्यायला आल्या. आईनं त्यांना विचारलं, "मी आज कशी बोलते आहे?" त्या म्हणाल्या, "छान बोलता आहात." आई म्हणाली, "मागच्या वेळी बोलत नव्हते, हे आठवतं का तुम्हाला?" सुरुचींच्या हातातली सिरिंज क्षणभर थांबली. मी आईला खूण केली, जाऊ दे म्हणून. ज्यांच्या हातात आज आपण आहोत, त्यांच्याशी आज कशाला.

मीच ही खूण केली. मी.

१३ फेब्रुवारी

आज समिती होती. काल सीटीचा रिपोर्ट आला, कडा गेली आहे. त्यामुळे मी मोकळ्या मनानं भांडायला गेले होते. पाच पानांची नऊ झाली होती.

आईला न्यायचं नव्हतं मला. तिला ते सगळं पुन्हा ऐकावं लागू नये म्हणून. ती साडी नेसून दारात उभी राहिली. मामा बरोबर निघाला. त्याला आत यायचं नव्हतं, ऑफिसच्या इमारतीबाहेर झाडाखाली थांबला, मास्क लावून.

समितीत अधीक्षक, दोन बाहेरचे डॉक्टर आणि एक वकीलबाई. समोर डॉ. रजत, डॉ. सुरुची. मी उभी राहून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर "पेशंट पूर्णपणे असंबद्ध अवस्थेत होती, तिला कसलीही जाणीव नव्हती" असं वाक्य होतं.

"भैरवी, खाली बस," आई म्हणाली.

मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये.

"बस खाली. मला जाणीव होती."

ती उठली. टेबलाला धरून उभी राहिली.

"मला सगळी जाणीव होती. कोणी मला आजवर विचारलं नाही, म्हणून सांगते. ही माझी मुलगी आहे, हे मला माहीत होतं. तिचं नाव तोंडात येत नव्हतं. मी 'डोकं फुटतं आहे' म्हणायला गेले, तर दुसरेच शब्द बाहेर पडले, आणि ते दुसरेच आहेत हे मला ऐकू येत होतं. हातात कंगवा नाही, चमचा आहे, हे दिसत होतं, हात ऐकत नव्हता. आणि ह्या मुलीनं," तिनं सुरुचींकडे बोट केलं नाही, फक्त बघितलं, "मला आजी म्हणून थोपटलं. मी आत होते. मी आतून ओरडत होते, आणि तुम्ही माझं वय मोजत होता."

अधीक्षक म्हणाले, "उत्तराताई, शांतपणे..."

"मी शांतच असते," आई म्हणाली. "सगळं आयुष्य शांत आहे मी. शांत माणूस एका रात्रीत बरळायला लागला, तर काहीतरी झालंय, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागतं का? पोटात पाणी सोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी वेगळा बोलला, तर आधी त्याचं रक्त तपासा. म्हातारी आहे, असं नंतर म्हणा. हे लिहून घ्या, माझ्यासमोर लिहा. ज्ञात गुंतागुंत म्हणता नं? मग मला ती ज्ञात नव्हती, तुम्हाला होती. राग येण्यासारखी गोष्ट ती आहे."

तिचा आवाज शेवटी फाटला. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

डॉ. रजत उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. सुरुची म्हणाल्या, "मी ऐकलं नाही. त्या मावशींनी सांगितलं, ह्यांनी सांगितलं, मी ऐकलं नाही." वकीलबाईंनी आईचं वाक्य शब्दशः लिहून घेतलं, मग वाचून दाखवलं. आईनं एक शब्द दुरुस्त केला. सोडियम तपासण्याचा नियम ह्या महिन्यापासून लागू करायचा असं ठरलं, आणि डॉ. रजत यांच्याबद्दलचा निर्णय नंतर कळवतील.

माझी उरलेली सात पानं पर्समध्येच राहिली. त्यांत सगळं बरोबर होतं, तारखा, वेळा, आकडे. आई त्यांत कुठे नव्हती. नोव्हेंबरपासून ती मला हेच सांगायला बघत होती, आणि मी तिला झोप म्हणत होते.

बाहेर आलो. आईची चप्पल पायात जात नव्हती. मामा झाडाखालून घाईघाईनं आला. मी वाकून चप्पल सरळ करायला गेले, तिचा हात धरायला गेले, म्हटलं, झालं आता आई, शांत हो, चल घरी.

"नको," तिनं हात सोडवून घेतला. "जरा रागावू दे मला."

बाजूला सिमेंटचा ओटा होता. ती बसली. मामा तिच्या एका बाजूला बसला, मी दुसऱ्या. ऊन पायांवर येईपर्यंत आम्ही तिथे होतो. तिला कोणी काही म्हटलं नाही.